भिकोबा मुंगसाची पाच मातीची माणसं

एका जंगलात भिकोबा नावाचा एक मुंगूस राहायचा. ठकू त्याची बायको. पदरात तीन पिल्लं. आंब्याच्या मुळाशी एक जुनं वारूळ होतं, तेच त्यांचं घर. वरच्या बिळांत मुंगसं, तळाशी वाळवी. कुणाचा कुणाला त्रास नव्हता.

पाय पोटाशी घ्या बाळांनो, आणि ऐका.

त्या जंगलाचा राजा सिंह म्हातारा झाला. दात पडल्यावर त्याला एकाएकी कळलं, की चावणं वाईट असतं. त्यानं दवंडी पिटली. यापुढे कुणी कुणाला चावायचं नाही. भांडण झालं तर पटावर सोडवायचं.

तुम्ही दिवाळीत किल्ला करता ना, अळीव पेरून? तसाच तो पट. डोंगर मातीचे, झाडं दुर्वांची. त्यावर बोटभर उंचीची मातीची माणसं उभी करायची. कवड्या टाकायच्या. जेवढ्या उताण्या पडतील तेवढी बोटं माणूस पुढे सरकायचा. दोन माणसं भिडली की पुन्हा कवड्या. ज्याचं दान मोठं तो उभा, दुसरा आडवा.

माणसंच का? तर जनावरांनी माणूस कधी पाहिला नव्हता. दोन पायांवर चालणारा, बिनशेपटीचा, अंगाला फडकी गुंडाळणारा! कुणा म्हाताऱ्या घुबडानं मनानं रचलेला तो राक्षस. पिल्लं भ्यायची आणि पुन्हा बघायला मागायची.

आणि एक रीत होती. कोरा माणूस पटावर ठेवायचा नाही. जोड्यापासून डोळ्यापर्यंत रंगवलेला पाहिजे. राजाला मोतीबिंदू झाला होता. मातीवर माती त्याला दिसायची नाही.

एक दिवस बापूसाहेब अस्वल वारुळापाशी आलं. नाक खुपसून म्हणालं, "वाळवी आहे खाली. हे वारूळ मी फोडणार. दावा लावलाय. पुनवेला पट."

"आणि आम्ही कुठं जायचं?" ठकूनं विचारलं.

"माळावर जा की. मोकळी हवा."

माळावर घारी फिरायच्या. ठकूनं पिल्लं पोटाखाली ओढली. भिकोबानं तर उभ्या जन्मात कवडी हातात धरली नव्हती.

तो धावत उंबराखाली गेला. तिथं गुलाबशेट वानराचं दुकान. दुकानासमोर चार कोल्हे बसलेले असायचे. घ्यायचे काही नाहीत, सांगायचे मात्र सगळ्यांना.

"शेट, मला खेळ सुरू करायचाय," भिकोबा म्हणाला.

"बसा! सैन्य कुठलं दाखवू? हे हत्तीवर बसलेले? हे झाडं तोडणारे? हे घ्या, खोकंभर आहेत. आणि नियम हे, एवढं गाठोडं. पावसाळ्यानंतर नवे येतील, तेव्हा हे चालायचे नाहीत. तेव्हा आताच घेऊन ठेवा."

"आधी दोन वर्षं नियम पाठ कर," एक कोल्हा म्हणाला.

"रंगाचे हात पातळ दे. घाई केलीस तर फुकट गेलं सगळं," दुसरा म्हणाला.

"कुंचला खारीच्या शेपटीचाच पाहिजे," तिसरा म्हणाला.

वरच्या फांदीवर खार बसली होती. ती ओरडली, "माझ्या शेपटीकडे बघायचं काम नाही, सांगून ठेवते!"

भिकोबाचे डोळे मात्र खोक्यांवर खिळले. केवढी ती माणसं! त्याला वाटलं, पिल्लांच्या तोंडची सगळी अंडी द्यावीत आणि अख्खं सैन्य उचलावं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, ते कोपऱ्यातलं काय आहे?"

ठकू आली होती. तिला नवरा ठाऊक होता.

गुलाबशेटनं तोंड वाकडं केलं. "ती होय? ती टोळी आहे. पाच माणसं. मोठी लढाई नाही होत त्यात वहिनी, नुसती चकमक. पोरंटोरं खेळतात."

"पाचात खेळ होतो का?"

"होतो तसा..."

"मग द्या. आणि हे अंडं घ्या. बरं का, ताजं आहे."

कोल्हे हसून लोळले. भिकोबा मान खाली घालून घरी आला.

रंगवायला पिल्लं बसली. गेरू, कोळसा, पळसाची फुलं, पांढरी माती. कुंचला म्हणजे स्वतःचंच शेपूट. एका माणसाची मिशी कपाळावर गेली. एक तिरळा झाला. एकाचे दात जोड्यापर्यंत आले. संध्याकाळच्या आत पाचही तयार! भिकोबा म्हणाला, "चार लोकांत हे कसं दाखवायचं गं?"

"दाखवायचेत कशाला? खेळायचंय," ठकू म्हणाली. "टाका कवड्या."

रोज जेवणं झाली की अंगणात खेळ चाले. भिकोबा पिल्लांकडून हरला, मग हरला, मग पुन्हा हरला. हरता हरता त्याला एक उमगलं. आपली दोन माणसं मिळून एकाला भिडली तर एक कवडी जास्त टाकायला मिळते. त्यानं ठरवलं, सापाला खेळवतो तसं करायचं. एकानं समोर नाचायचं, बाकीच्यांनी वळसा घालायचा.

तिकडं बापूसाहेबांनी गुलाबशेटचं अर्धं दुकान उचललं होतं. गुहा माणसांनी भरली. आणि बापूसाहेब मोठे पद्धतशीर! आधी सगळ्यांचे जोडे रंगवायचे, मग सगळ्यांची धोतरं, मग सगळ्यांचे अंगरखे, असं त्यांनी ठरवलं. जोडे काय रंगवले बाळांनो! प्रत्येकाला वादी, वादीला टाका, टाक्याला सावली.

पुनव उजाडली. सगळं जंगल पटाभोवती जमलं. भिकोबानं आपली पाच ध्यानं मांडली. हरणं खुदखुदली.

"बापूसाहेब, तुमचं सैन्य?" राजानं विचारलं.

टोपल्यांमागून टोपल्या आल्या. सगळे जोडे घातलेले, धोतरं नेसलेले. कंबरेच्या वर नुसती माती.

"महाराज, तोंडंच राहिलीत तेवढी," बापूसाहेब म्हणाले.

"रीत म्हणजे रीत. सूर्य डोक्यावर येईपर्यंत जो रंगेल तो तुमचा."

अस्वल मटकन खाली बसलं आणि एका सरदाराला रंगवू लागलं. अंगरखा झाला, दाढी झाली. "थांबा, एकच डोळा राहिलाय!" सूर्य माथ्यावर आला. सरदार तयार झाला, पण रंग ओला. पटावर ठेवायला गेले तर तो पंजाच्या केसांना चिकटला. गेंडा आणि रानडुक्कर दोघांनी मिळून ओढला तेव्हा सुटला.

सरदार देखणा होता, बरं का. खोटं कशाला बोलू! राजासुद्धा वाकून बघत राहिला.

मग बापूसाहेबांनी भिकोबाच्या कानाशी येऊन विचारलं, "अरे, हा चालतो कसा?"

बिचाऱ्यानं एकदाही खेळून पाहिलं नव्हतं.

तिरळा समोर नाचला. कपाळावर मिशी असलेला वळसा घालून आला. दोघं मिळून भिडले, जास्तीची कवडी पडली, सरदार आडवा. वारूळ वाचलं! ठकूनं पिल्लांची तोंडं चाटली.

इथं गोष्ट संपली असती. पण भिकोबाला माहीत झालं होतं, की तो जिंकू शकतो.

लांबलांबून जनावरं खेळ शिकायला येऊ लागली. येताना अंडी आणायची. ठकू म्हणायची, "बरं चाललंय हो, पाचात भागतंय." भिकोबा म्हणायचा, "पाचांनी काय होतंय? आता जरा घोडेस्वार हवेत." अंडी उंबराखाली जायची, खोकी वारुळात यायची. आधी एक बीळ भरलं. मग दुसरं. मग पिल्लांचं. आता भिकोबाही आधी सगळ्यांचे जोडे रंगवायचा. सगळं कुटुंब आंब्याखाली उघड्यावर झोपू लागलं. "थोडे दिवस गं," तो म्हणायचा. "रंगवून झाले की आत जाऊ."

वर्ष फिरलं. बापूसाहेब पुन्हा दावा लावायला आले. ठकूनं खोकी उपसून पाहिली. पटावर ठेवायला धड एक रंगलेला नव्हता. जुने पाच तर कधीच खोक्यांखाली चिरडले होते.

अस्वलानं वारुळात पंजा घातला. मूठभर घोडेस्वार निघाले. पुन्हा घातला. झाडतोडे निघाले. नाक लावून हुंगलं, तर रंगाच्या वासानं वाळवी देशोधडीला लागलेली.

"अरेरे! हे तर माझ्या गुहेसारखंच झालंय," बापूसाहेब म्हणाले. "फोडून तरी काय खाऊ? दावा मागे घेतो बाबा, कायमचा." मग जोडे दिसले तसे खाली बसले. "टाके छान जमलेत. मीही हल्ली बाहेरच झोपतो. जागा आहे का इथं?"

ठकूनं सरकून जागा दिली. अस्वल राखणीला असल्यावर घार कशाला फिरकते! वारूळ जन्मभराचं त्यांचं झालं, पिल्लं वाढली, धष्टपुष्ट झाली. अशी लक्ष्मी भिकोबाच्या दारी आली, आणि आत जागा नव्हती म्हणून दारीच राहिली.

तात्पर्य : कुठलाही नाद करायचा तर सुरुवात थोडक्यातच करावी. म्हणजे पुढं सगळं घर भरायला अंगात जोर शिल्लक राहतो.