पहिल्या हाकेची ओ

रविवारी दुपारी घटकाभर पाठ टेकावी, एवढंच गोरक्ष गुरुजींचं आयुष्याकडे मागणं उरलं होतं. आठवडाभर नववीपुढे घसा फोडून जीव आंबून जाई, आणि रविवार उजाडला की त्यांची बायको गोजरबाई त्यांना कांदाचाळीतले सडके कांदे निवडायला बसवी.

आता चूक झाली ती त्यांचीच. जेवताना टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. "सारखं रडार रडार करत्यात, हाय तरी काय ते?" गोजरबाईने विचारलं. मास्तरकीची खोड, गप्प बसवेना.

"अगं, ते लहर सोडतं. लहर कशावर तरी आदळून माघारी येती. जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरनं वस्तू किती लांब हाय ते कळतं. डोळ्यांनी दिसायची गरजच न्हाई."

"म्हंजे मी 'अवो' म्हनून हाक मारते, तुमी ओ देता, तसंच की!"

"अगदी तसंच," गुरुजी कौतुकाने म्हणाले.

पुढच्या रविवारी ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आडवे झाले. दोन-तीन हाका आल्या, सवयीने ओ गेली आणि गोजरबाई दारात हजर. "ओ यायला उशीर लागला. म्हंजे गोठ्यात न्हाई, हितं. उठा, कांदे सडाय लागलेत."

त्यापुढच्या रविवारी गुरुजींनी ओच दिली नाही. तासाभरात निम्मी वस्ती रडत होती आणि चौघंजण विहिरीत गळ सोडून उभे होते.

म्हणजे ओ तर द्यायलाच हवी. गुरुजींनी शिणलेलं डोकं चालवलं. रडारला काहीतरी आहे एवढंच कळतं, कोण आहे ते थोडंच कळतं! त्यांनी चुलतभाऊ बन्सीला गाठलं. दोघांचा आवाज एकाच घराण्यातला.

"तू गोठ्यात बस. हाक आली की लगेच ओ दे. तिला वाटंल, मी शेण काढतोय. मी उसाच्या बांधावर पडतो."

"एवढंच ना? द्या तंबाखू."

बांधावर गुरुजींचा डोळा लागतच होता. लांबून "अवो!" आलं, पाठोपाठ गोठ्यातून खणखणीत "ओ!" गेली. विज्ञानावरचा त्यांचा विश्वास दुणावला. थोड्या वेळाने ते कुशीवर वळले, तर समोर गोजरबाईच्या चपला.

"अगं, गोठ्यातनं ओ आली न्हाई का?" गुरुजी बोलून गेले.

"आली की. म्हनून तर गोठ्यात गेले. भावजींनी लगेच सांगितलं तुमी कुठं ते."

"पन तुला संशय आलाच कसा?"

"पहिल्याच हाकेला ओ आली!" गोजरबाई म्हणाली. "बत्तीस वर्सं झाली लग्नाला. माझ्या पहिल्या हाकेला तुमी ओ दिलीय कधी?"

गुरुजी उठून कांद्यांकडे निघाले.