उडाला की मी मोकळी

सिनेमाचं पूर्ण तिकीट काढून मध्यंतराच्या आत घरी परतणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कुमुदआत्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये घरचा चिवडा. पडद्यावर तो धिप्पाड उल्कामानव पाठीवर केप बांधून पहिल्यांदा जमीन सोडतो, सगळं थिएटर शिट्ट्या मारतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आत्या उठतात. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, "पाय घ्या बाप्पा जरा" म्हणत बाहेर पडतात. जग वाचवायचं काम पुढे बाकी असतं, पण त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

"उडाला की मी मोकळी," असं त्यांचं म्हणणं.

बाहेर रईसभाईंची ऑटो उभीच असते. आत्या सिनेमाला गेल्या की ते दुसरी सवारी घेत नाहीत, कारण त्या किती वेळात परत येणार हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय. भोपाळच्या होशंगाबाद रोडवरच्या त्या मॉलच्या दाराशी ते विडी विझवतात आणि विचारतात, "क्यों बुआ, उड़ गए मियाँ?"

"हाँ भैया, उड़ गए. चलो."

ज्यांना उल्कामानव माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्राकाठचं एक विलायती गाव. तिथं एक अनाथ पोरगा आपल्या आत्याकडे वाढतो. आत्याची लॉन्ड्री असते. एके दिवशी आकाशातून उल्का पडते ती थेट कपडे भिजवायच्या टपात. पोरगा टपात हात घालतो आणि त्याच्या अंगात शक्ती येते. मग आत्या नारिंगी टेबलक्लॉथ कापून त्याला केप शिवून देते, तो उडतो, आणि पुढचे दोन तास इमारती कोसळतात. बस, एवढंच. दर काही वर्षांनी नवा नट घेऊन हाच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून काढतात आणि आपण भोळे लोक पुन्हा तिकीट काढतो. माझ्यापुरतं म्हणाल तर मी समोशासाठी जातो.

आत्या मात्र परीक्षक म्हणून जातात. उल्कामानव कोण झालाय याची त्या चौकशीसुद्धा करत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, "आत्या कोण हाये या वेळी?" पहिल्या सिनेमातली जाडसर, घामाघूम आत्या त्यांना पसंत होती. तो हिंदीत टीव्हीवर लागायचा तेव्हा त्यांचा भाचा मंदार दुसरीत होता, आणि दोघांनी तो इतक्यांदा पाहिला की उडेपर्यंतचे संवाद पाठ झाले होते; उडाला की आत्या पोळ्या लाटायला उठायच्या. दुसऱ्या सिनेमातल्या आत्याला लिपस्टिक होती. "ही आत्या नाही, ही वहिनी हाये," असा निकाल लागला. तिसरीच्या वेळी तर त्या अंधारात मोठ्यानं ओरडल्याच, "अरे, सुईत दोरा नाही हिच्या! दोऱ्याबिना शिवून राहिली!" पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना सगळी बिल्डिंग आत्या म्हणते ती या मंदारमुळेच. त्यांचे वडील नागपूरचे. राजधानी बदलून सरकारी कचेऱ्या इकडे आल्या तेव्हा फायलींबरोबर तेही भोपाळला आले आणि शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये स्थिरावले. पुढे कुमुदआत्या सचिवालयात टायपिस्ट झाल्या. लग्न केलं नाही. का, असं एकदा माझ्या बायकोनं, शुभदानं, विचारलं तर म्हणाल्या, "सवडच नाही झाली गं." मंदार त्यांच्या भावाचा मुलगा. तो चार वर्षांचा असताना त्याचे आईवडील पाठोपाठ गेले. तो आत्याकडे आला आणि आत्याची उरलीसुरली सवडही गेली. आता तो बर्लिनला संगणकाचं काहीतरी करतो. दर रविवारी फोन येतो, आणि दर रविवारी आत्या त्याला "जेवला काय?" विचारतात. तिकडे तेव्हा सकाळ असते.

रिटायर झाल्यावर त्यांनी शहराच्या टोकाला, मिसरोदला, आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. येताना क्वार्टरचे पडदे आणले. सुंदर मोरपंखी पडदे, फक्त इथल्या खिडक्यांना वीतभर आखूड. त्यातही मोरपंखी तीनच. चौथ्या खिडकीला तांबड्या चौकटींचं कापड, तेही बेडशीटचं असावं. मी इंदूरचा माणूस, त्यामुळे टोमणा मारायची आमच्यात रीतच आहे. "आत्या, चौथा धोब्यानं ढापला काय?" असं मी येताजाता विचारतो. "तो कामी आला," म्हणून त्या विषय बंद करतात आणि वर ऐकवतात, "तू तुझे पोहे सांभाळ, अनिल. पोह्यात साखर घालणारे लोक तुम्ही!"

तर अशा या आत्यांच्या सुखी जगात माझ्या मुलीनं, मुक्तानं, बॉम्ब टाकला. ती कॉलेजात आहे आणि सिनेमावर तावातावानं बोलणं हाच तिचा मुख्य विषय आहे. एका संध्याकाळी आत्या आमच्याकडे वांगी चिरत बसल्या असताना ती मोबाईलमधून मान वर काढून म्हणाली, "आत्या यार, गुड न्यूज! नवा उल्कामानव येतोय, आणि या वेळी सुरुवातच नाही. डायरेक्ट पहिल्या सीनपासून उडतो."

आत्यांचा चाकू थांबला. "म्हणजे लॉन्ड्री?"

"नाही ना. सबको पता है यार. वही टप, वही उल्का. किती वेळा बघायचं?"

"आणि केप?"

"असेल ना. रेडीमेड."

"आणि आत्या?"

मुक्तानं खांदे उडवले. "उल्लेख असेल कुठेतरी. भिंतीवर फोटो वगैरे."

मग जी जुंपली! आत्या म्हणाल्या, "पूजेतली कथा दरसाल तीच असते. म्हणून गुरुजीले सांगते काय, मधूनच सुरू करा?" मुक्ता म्हणाली, "मी तर प्रसादाच्या वेळीच जाते." आत्या म्हणाल्या, "लग्नाचा अल्बम काऊन मग पहिल्या पानापासून उघडता?" मुक्ता म्हणाली, "कोण उघडतं आत्या, अल्बम?" या मुलीला उत्तरं सुचतात याचा मला एरवी अभिमान वाटतो, पण त्या दिवशी वाटला नाही. आत्या वांगी अर्धी टाकून, चहा न घेता समोर निघून गेल्या. एका सिनेमासाठी एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण, ते मला समजेना.

ते समजलं मंदार आला तेव्हा. तो आला तो एकटा नाही, तन्वीला घेऊन. मुलगी नाशिकची, त्याच्याच ऑफिसातली, हसरी आणि बोलकी. लग्न ठरवूनच आले होते. आत्यांचे बूट चार दिवस जमिनीला लागले नाहीत. पहिल्या रात्रीचं जेवण शुभदानं आमच्याकडे ठेवलं. पानं वाढली, आत्या आग्रह करकरून वाढू लागल्या, आणि शुभदानं तन्वीला सहज विचारलं, "काय काय सांगितलं यानं तुला आमच्या भोपाळबद्दल?"

"काही नाही हो काकू," तन्वी हसत म्हणाली. "याची गोष्ट कॉलेजपासूनच सुरू होते. त्याच्या आधी हा जन्मलाच नव्हता!"

मंदारही हसला. "त्याआधी काय सांगायचं? शाळा, घर. नॉर्मल."

आत्यांच्या हातातल्या वरणाची पळी मंदारच्या भातावर जरा जास्तच वेळ तिरकी राहिली. भाताचा डोंगर बुडाला. "बस, बस आत्या," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर मी ताटं घेऊन आत गेलो तर आत्या ओट्याशी उभ्या राहून उगाचच स्वच्छ ओटा पुसत होत्या. मी हळूच म्हटलं, "आत्या, तुम्हीच सांगा ना तिला. तो लहान असतानाचं सगळं."

"नाही बाप्पा." त्यांनी मान हलवली. "गोष्ट त्याची हाये. जो उडाला त्यानं सांगायची असते. मी सांगितली तर उपकार काढल्यासारखं दिसते." मग फडकं पिळत म्हणाल्या, "त्याला ते दिवस नको वाटत असतील, समजते मला. आई गेली, बाप गेला, कोणाला आठवावं वाटेल? पण ते गाळायला गेलं की त्याच्यासंगं मी पण गळते रे. त्या पोरीला वाटेल, ही म्हातारी फक्त वरण वाढायला हाये."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "म्हणून तुम्ही तो उडाला की उठून येता?"

"उडाल्यावर आत्याचं काम नसतं नं पिच्चरमध्ये. मग तिथं बसून काय करू?"

मी ताटं विसळायला घेतली, जे पाहून शुभदाला आपण चुकीच्या घरात आलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवा उल्कामानव. मुक्तानं सगळ्यांची तिकिटं आधीच काढली होती आणि मंदारनं आत्यांना सोडलं नाही. त्या आल्या, पर्समध्ये चिवडाही घेतला, पण रईसभाईंना दारातच सांगून ठेवलं, "भैया, आज तो पहले सीन में ही उड़ेगा. इंजिन बंद ही मत करना."

आणि खरंच, अंधार झाला आणि तो ढगांतून सूंऽऽ करत आलाच. ना समुद्र, ना लॉन्ड्री, ना टप. शिट्ट्या वाजल्या. आत्यांनी पर्स उचलली.

शेजारी बसलेल्या मंदारनं त्यांच्या पदराचं टोक धरलं. "कुठे?"

"उडाला नं."

"बस ना आत्या. जरा वेळ."

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, निघायच्या तयारीतच. तेवढ्यात पलीकडून तन्वीनं कुजबुजत विचारलं, "मी आधीचे पाहिलेच नाहीत. याला उडता कसं येतं?"

मंदारनं पदराचं टोक तसंच धरून एकदा पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे झुकून सांगू लागला, "याची एक आत्या असते. हा तिच्याकडेच वाढतो. तर शाळेत फॅन्सी ड्रेस असतो, आणि याला केप पाहिजे असते. हट्टाला पेटतो. जेवायलाच तयार नाही."

मी कान टवकारले. उल्कामानवाचे सगळे सिनेमे मी समोसे खात पाहिले आहेत. फॅन्सी ड्रेस एकातही नाही.

"मग आत्या ऑफिसातून येते, पर्ससुद्धा ठेवत नाही, सरळ दारावरचा नवा कोरा पडदा खाली ओढते आणि त्याला कात्री लावते. मशीन नव्हतं आमच्याकडे. हातानं शिवली. आणि मी ती हिरवी केप बांधून क्वार्टरच्या जिन्यावरून उडी मारली."

"आई गं! मग?"

"गुडघा फुटला."

"दारावरचा नाही," अंधारातून आवाज आला. आत्या समोर पडद्याकडेच बघत होत्या. "खिडकीचा. आणि हिरवा नाही, मोरपंखी."

"बरं, मोरपंखी."

"आणि गुडघा नाही. कोपर."

मुक्ताचा पॉपकॉर्नचा हात तोंडाशीच थांबला होता. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "भैया, घर जाकर सुना लेना!" मंदारनं आवाज आणखी खाली आणला, पण गोष्ट थांबवली नाही. तन्वी आता पडद्याकडे बघतच नव्हती. तिनं मंदारच्या पुढून हात नेऊन आत्यांचा हात धरला आणि विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करते? विचारलं, केप फाटली नाही नं? नाही म्हणाला. मग झालं." आणि आत्या खुर्चीत नीट मागे टेकल्या.

तांबड्या चौकटींच्या पडद्यावरून मी इतकी वर्षं त्यांना छळलं, त्या पडद्याकडे आता मी कोणत्या तोंडानं बघणार, देव जाणे.

मध्यंतरात आत्यांनी जन्मात पहिल्यांदा थिएटरचा समोसा खाल्ला आणि त्याला नावं ठेवली. मुक्ता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, ठीक आहे. सुरुवात असली तरी चालेल. थोडी." उत्तरार्धात आत्यांनी सगळ्यांना हैराण केलं. "हा काळ्या कोटवाला कोण?" "व्हिलन आहे, आत्या." "असा असते होय? अन् हा इमारती काऊन पाडून राहिला?" इतक्या वर्षांत त्यांनी खलनायक कधी पाहिलाच नव्हता. शेवटी जग वाचलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

बाहेर आलो तर रईसभाई ऑटोत पाय पसरून घोरत होते. आम्हाला बघून धडपडत उठले. बुआ एवढा वेळ आत, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार असं त्यांना वाटलं.

"क्यों बुआ, खैरियत? आज उड़े नहीं मियाँ?"

"उड़े तो थे भैया," मंदारच्या दंडाला धरून ऑटोत चढत आत्या म्हणाल्या, "पर शुरू से सुना रहे थे. तो बैठना पड़ा."