चार दिवस पाना बंद

आमची ही गेल्याचं कळलं तेव्हा मी एका वकिलांच्या बाथरूममध्ये बेसिनखाली उताणा पडलो होतो. तोंडात टॉर्च, हातात पाना. मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, असाल तसे घरी या."

मी म्हणालो, "वॉशर बसवतो आणि दहा मिनिटांत निघतो!" घरच्या प्रत्येक बोलावण्याला बत्तीस वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो.

तो पुढे काहीच बोलला नाही. त्यावरूनच कळलं. माझा मेहुणा शाळेत पीटीचा मास्तर आहे. तो गप्प राहिलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी तसाच पळालो. पाणी बंद करायचंही राहिलं. वकिलांचा गालिचा भिजला, पण त्यांनी नंतर एक शब्द काढला नाही. वकील असून!

तर मी प्लंबर. माझ्या हाताखालून गेलेला नळ पुन्हा गळत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो! अपवाद एकच, आमच्या स्वयंपाकघरातला. तो सहा वर्षं गळतोय. मी रोज म्हणायचो, "उद्या करतो." ही त्याच्याखाली वाटी ठेवायची, ते पाणी खिडकीतल्या झाडाला घालायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "काय करणार हो, आमच्याकडे प्लंबर मिळत नाही!"

एकदा ती वैतागून म्हणाली, "मला अशा ठिकाणी न्या, जिथे नळच नाही." मी हसलो. तिनं मात्र शोधून शोधून वाळवंट काढलं. कडाक्याच्या थंडीत तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून तंबू निम्म्या भाड्यात. जायला-यायला साधी बस. चार दिवस, दोन माणसं. माझ्याकडून शब्दही घेतला, की चार दिवस पान्याला हात लावायचा नाही.

ती गेली, बुकिंग राहिलं.

"ताईनं ठरवलंय ना? मग जायचं," मेहुणा म्हणाला. "तिच्या जागी मी येतो. आणि भाऊजी, दिलेला शब्द दिलेला आहे. माझं लक्ष राहील!"

निघताना त्यानं माझी बॅग अशी तपासली, की जणू मी परीक्षेला कॉपी घेऊन निघालोय. मोठा पाना मोज्यात सापडला. दाढीच्या डब्यातला छोटा नाही सापडला.

त्याची स्वतःची बॅग म्हणजे चार हाफ पँट, गॉगल आणि शिट्टी. हिच्या यादीत पहिल्याच ओळीत स्वेटर आणि कानटोपी लिहिलं होतं. मी दाखवलं तर म्हणतो, "वाळवंट म्हणजे ऊन, भाऊजी! भूगोल मी शिकवलाय!"

"तू पीटी शिकवतोस."

"बदलीवर शिकवलाय!"

बसमधून उतरलो आणि त्याचे गुडघे एकमेकांशी भांडायला लागले. तंबूतली रजई त्यानं अंगाला गुंडाळली, ती चार दिवस सोडली नाही. लांबून बघावं तर शिट्टी वाजवत एक गादी चालत येतेय!

सहा तंबू, एक मालकीणबाई, एक उंट. पाहुणे म्हणजे आम्ही दोघं आणि पाच निवृत्त नर्स. मला वर्णन जमत नाही. खूप वाळू होती आणि खूप आभाळ होतं. बघत राहावंसं वाटलं, एवढं खरं. तिला आवडलं असतं.

फक्त एक गोष्ट. तिथे नळ होता.

स्वयंपाकाच्या तंबूमागे, भिंतीविना नुसता पाइपावर उभा. खाली घमेलं. टप्. टप्. टप्.

पहिला दिवस मी दात आवळून काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणा नर्सबाईंना कमरेचे व्यायाम शिकवायला गेला आणि मी स्वतःला समजावलं, की वाळवंटात पाणी वाया जातंय, हे काही बरोबर नाही. शब्द काय, समजूतदार माणसाला दिला होता, ती समजून घेईल! दाढीच्या डब्यातला पाना काढून अर्धा फेरा दिला. टपटप थांबली. इतकं बरं वाटलं, की घमेलंही पुसून ठेवलं. त्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो.

सकाळी चहा नव्हता. नळातून थेंब येईना.

"गोठलाय!" मालकीणबाई ओरडल्या. "कोणी बंद केला?"

सगळे एकमेकांकडे बघत होते, मी आभाळाकडे. तेवढ्यात ऊन पाइपावर पडलं, आतला बर्फ सुटला आणि पाइप होता तिथे उभा चिरला! दोन पुरुष उंच फवारा! नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"हे पॅकेजमध्ये आहे का हो?" एकीनं विचारलं.

मेहुणा रजईसकट खाली उभा होता. रजई भिजून अशी जड झाली, की तो हलेचना. तिथूनच त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"भाऊजी, खिसे दाखवा!"

पाना निघाला. त्यानं शिट्टी वाजवली. फाऊल!

"ते नंतर!" मालकीणबाई म्हणाल्या. "टाकी रिकामी होईल. टँकर येणार परवा!"

"व्हॉल्व्ह कुठाय?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथे उंट बसला होता.

"उठवा त्याला!"

"सकाळचं पाणी प्यायल्याशिवाय तो उठत नाही."

"मग पाजा!"

"त्याचं पाणी रात्रभर त्या घमेल्यात साठतं," त्या म्हणाल्या आणि घमेल्याकडे बघायला लागल्या. घमेलं आरशासारखं लखलखत होतं. मीच पुसलेलं!

मग मी फवाऱ्यात शिरून घमेलं भरलं. नखशिखांत भिजलो. उंट प्यायला लागला. कसा? मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा. एक घोट, मग इकडे बघ, तिकडे बघ. इकडे टाकी चाललीय आणि आम्ही आठ माणसं श्वास रोखून उंटाच्या तोंडाकडे बघतोय! दुसरं घमेलं संपवून तो उठला, आणि मी व्हॉल्व्हवर झडप घातली.

टाकीत तळ उरला होता. मोटरसायकलची जुनी ट्यूब कापून मी पाइपाला घट्ट बांधली. दात वाजत होते, पण काम चोख झालं. व्हॉल्व्ह उघडून मी अभिमानानं मागे सरकलो. मालकीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी तोच नळ जरासा सैल केला. टप्. टप्.

"थंडीत थेंब चालू ठेवला की पाइप गोठत नाही," त्या म्हणाल्या. "आणि थेंब वाया कुठे जातोय? उंट पितो. तुमच्या घरी नळ गळला तर पाणी फेकून देता का?"

"नाही. झाडाला घालतो," मी म्हणालो. "म्हणजे, ती घालायची."

मेहुणा गप्प झाला. आयुष्यात दुसऱ्यांदा. मी पाना त्याच्या हातात दिला. त्यानं तो ओल्या रजईत कुठेतरी ठेवला आणि म्हणाला, "चला भाऊजी, चालून येऊ. गोठाल."

उरलेले दोन दिवस माणशी एक तांब्या पाणी मिळालं. नर्सबाई मला 'कारंजेवाले' म्हणायच्या. संध्याकाळी मी नळाजवळच्या दगडावर बसून टपटप ऐकायचो आणि हात खिशात ठेवायचो. शब्द अर्धाच पाळला, पण अर्धा तरी पाळला.

परत येऊन महिना झाला. मेहुण्यानं दोन्ही पाने परत दिलेत. आल्या दिवशीच नवा वॉशर आणला, तो ओट्यावर पडून आहे. सकाळपर्यंत वाटी भरते, मी ती झाडाला घालतो.

नळ दुरुस्त करायचा राहिलाय.