वरमाईची मलबेरी

सासूबाईंना एक साधा प्रश्न विचारायचा, एवढंच धनेशने ठरवलं होतं. कुलदीपच्या हळदीला त्या कोणती साडी नेसणार? प्रश्न साधा, पण त्यात धनेशची अख्खी अब्रू अडकली होती. कुलदीप हा त्याचा मेहुणा, म्हणजे सासूबाई कृष्णाबाई या वरमाई. आणि वरमाईसाठी पिवळी साडी दोन्ही जावयांनी आणली होती, एकमेकांना न विचारता. नेसायची मात्र एकच. ज्याची साडी नेसली तो जावई, दुसरा आपला जेवायला आलेला, असं गावात कुणी बोलून दाखवत नाही. मांडवात बसलेली प्रत्येक बाई मनातल्या मनात तेवढंच बघत असते.

थोरला जावई अल्पेश. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर त्याचे ट्रेलर धावतात आणि गळ्यात साखळी अशी की बैल बांधावा. धनेश त्याच बंदराजवळच्या एका ऑफिसात निर्यातीचे कागद टाइप करतो. पैशात तो अल्पेशला गाठणं शक्य नव्हतं. ज्ञानात मात्र त्याने अल्पेशला केव्हाच मागे टाकलं होतं (असं त्याचं स्वतःचं मत होतं). कापडाच्या मालाचे तपशील बडवून बडवून डेनियर, मर्सराइज्ड, सॅनफोराइज्ड हे शब्द त्याच्या जिभेवर नाचत. घरात टॉवेल कमरेला पुरला नाही की तो म्हणे, "सॅनफोराइज्ड नसणार. ती प्रोसेस केली की कापड आटत नाही."

"टॉवेल न्हाय आटला," बायको मृणाली म्हणे, "तुमचं पोट सुटलंय."

खरं तर कंटेनर सीलबंद येत आणि सीलबंद जात. आतलं कापड धनेशने कधी बोटानेही चाचपलं नव्हतं. कागदावर लिहिलंय ते आत असतंच, या श्रद्धेवर त्याची नोकरी चालली होती. त्याच श्रद्धेने त्याने ऑफिसात येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून साडीचं खोकं घेतलं, वर छापलेलं 'प्युअर मलबेरी सिल्क' वाचलं आणि टेपसुद्धा न काढता सासूबाईंच्या हातात ठेवलं.

हळदीच्या सकाळी मृणालीने दोन्ही खोकी उघडून साड्या पलंगावर पसरून ठेवल्या होत्या. एक मऊ, जराशी मंद. दुसरी स्टीलच्या ताटासारखी लखलखीत. धनेशला विचार करावाच लागला नाही. लखलखते ती अल्पेशची. (त्याच्या ट्रेलरचा बंपरही लखलखतो.)

"आई, मग कुठली नेसताय?"

"बघू," कृष्णाबाई म्हणाल्या. "दोन्ही जावयांनी मायेनं आनल्यात."

इथेच गप्प बसायचं होतं. पण मलबेरीला आणि त्या लखलखाटाला एकाच तराजूत तोललेलं धनेशला सोसलं नाही.

"मायेचं राहू द्या. हे बघा." त्याने लखलखीत पदर चिमटीत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "हे पॉलिस्टर. प्लास्टिक वितळवून त्याचा धागा ओढतात, तो हा."

मृणालीने डोळे वटारले. "अहो, चहा घ्या ना."

"नंतर."

"आत्ताच घ्या!"

बहिणीच्या नवऱ्याची बाजू सांभाळतेय, हे धनेशने लगेच ओळखलं. तेवढ्यात अल्पेश दारात येऊन उभा राहिला, आणि धनेशला आणखीच चेव चढला.

"काय रं धनेश, काय चाललंय?"

"दादा, राग मानू नका. पण ही साडी आणणाऱ्याला दुकानदाराने चक्क टोपी घातलीय."

अल्पेशने साडीकडे पाहिलं, मग धनेशकडे. "व्हय? कशावरनं?"

"जाळून दाखवतो. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राखेचा चुरा होतो. प्लास्टिकचा गोळा होतो. कारखान्यात कापडावरची लव आगीवरून जाळतातच की, सिंजिंग म्हणतात त्याला."

"मंग जाळ की," अल्पेश पलंगाच्या कडेवर ऐसपैस बसला.

"आये, सांग ना त्यांना!" मृणाली रडकुंडीला आली.

"दाखवू दे," कृष्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "शिकलेला मानूस हाय."

धनेशने पदराच्या गोंड्यातला एक धागा ओढला आणि देवापुढची काडेपेटी घेऊन काडी लावली. धागा पेटला, त्यावरून गोंडा पेटला, काळा धूर निघाला. त्याने फू फू करत झटकेपर्यंत पदराला भोक पडलं होतं आणि बोटाला चटका बसला होता. पण भोकाच्या कडेला टणक काळा गोळा जमला होता, आणि तो पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बघा! सासूला असलं द्यायचं? लाज कशी वाटत नाही म्हणतो मी!"

कृष्णाबाईंनी पदर त्याच्या चिमटीतून सोडवून घेतला.

"जावईबापू," कृष्णाबाई म्हणाल्या, "ही तुमच्या खोक्यातली."

बाहेर बँजोवाले वाद्यं लावत होते. अल्पेश हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त तो काळा गोळा नखाने टोकरून पाहिला आणि म्हणाला, "माल मजबूत हाय पन." आणि उठून गेला.

धनेशने दिवसभर मांडवात तोंड दाखवलं नाही. आचाऱ्याजवळ बसून तो कांदे सोलत राहिला. निदान डोळ्यांतल्या पाण्याला कारण होतं. संध्याकाळी अल्पेशची साडी मांडवभर मिरवणार आणि बायका आपल्याकडे बघून तोंडाला पदर लावणार, एवढंच त्याला दिसत होतं.

बँजो सुरू झाला आणि कृष्णाबाई बाहेर आल्या. अंगावर लखलखीत साडी! भोक त्यांनी बेताने निऱ्यांकडे वळवून खोचलं होतं. धनेशचा ऊर भरून आला. सासू असावी तर अशी! त्याने गर्दीतून वाट काढली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, तुम्ही माझी लाज राखलीत."

"कसली लाज?" कृष्णाबाई खरोखरच गोंधळल्या. "अवो, हळदीत खऱ्या रेशमाचं वाटोळं न्हाय का व्हनार? अल्पेशची उद्या लग्नाला नेसन. हिचं काय, नळाखाली धरली की साफ!"

आणि कुलदीपला हळद लावून झाल्यावर त्यांनी आपले दोन्ही पिवळे हात त्या साडीला खसाखसा पुसले. ते पाहून बाकीच्या बायकाही हात पुसायला पुढे सरकल्या. सगळ्यांत आधी पोचली मृणाली.