डाक्टरसाहेब आणि ठाण्याच्या पायऱ्या

आमच्या दवाखान्यात कोणी ‘पडलो’ म्हणून आलं, की त्र्यंबक डाक्टर आधी त्याची जखम बांधत आणि मग छत्री उचलून तो पडला ती जागा पाहायला निघत.

मी त्यांच्या हाताखाली कंपाउंडर होतो, त्यामुळे पिशवी घेऊन मलाही मागे जावं लागे. लिंबावरून कोणी पडला, तर आम्ही तो लिंब पाहिला. गाडीवरून पडला, तर गाडी पाहिली, बैलही पाहिले. एकदा एक बाई माळ्यावरून पडली. डाक्टर तिच्या घरी जाऊन माळ्यावर चढले आणि वर पोचताच शिडी खाली कोसळली. बाई मुळात शिडीमुळेच पडली होती, हे तेव्हा आम्हाला कळलं. शेजाऱ्यांनी दुसरी शिडी आणेपर्यंत डाक्टर वरच्या मडक्यांमध्ये पाय मुडपून बसून होते. खाली उतरल्यावर धोतराची धूळ झटकत म्हणाले, “जागा पाहिल्याबिगर जखम समजत नाही.”

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून आहेत. महाराष्ट्र नुकताच झाला होता. दवाखान्याच्या छापील कागदांवर अजून ‘मध्यप्रदेश’ होतं. ते खोडून वर ‘मुंबई राज्य’ लिहिलेलं, आणि आता तेही खोडून मी ‘महाराष्ट्र’ लिहीत असे. डाक्टर म्हणत, “सरकारं बदलून राह्यली, टिंक्चरची बाटली तेच आहे. अन् तेबी रिकामी.”

माणूस उंच, खांद्यात वाकलेला. मे महिन्यातही धोतरावर काळा कोट. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. सदा दमलेले असत. खुर्चीत बसताना “चला” म्हणत आणि उठतानाही “चला” म्हणत. नवीन पेशंटला कळत नसे की आता थांबायचं की जायचं. बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण कागदावर लिहिताना एकदम शुद्ध. जणू कोटाच्या खिशात दुसराच कोणी राहत होता.

आता ठाण्याकडे येतो. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर पोलीस ठाणं होतं. तिथून अधूनमधून माणसं येत. कोणाचा हात सुजलेला, कोणाची पाठ निळी. बरोबर शिपाई असे. शिपाईच सांगे, “पडला.” आधीचे डाक्टर ‘पडून जखम’ एवढं लिहून मोकळे होत. आमच्या डाक्टरांना मात्र जागा पाहायची सवय. एकदा असाच एक आला.

“कुठून पडला?”

“जिन्यावरून, साहेब.”

“कोणत्या?”

“ठाण्याच्या.”

डाक्टरांनी मलमपट्टी केली, छत्री उचलली आणि म्हणाले, “चला.”

ठाणं म्हणजे कौलारू बैठी इमारत. वर मजला नाही, तर जिना कुठून असणार? जमादार बाहेर खाटेवर बसले होते. डाक्टरांनी त्यांना नमस्कार केला आणि जिना दाखवायला सांगितला.

“कोणता जिना?”

“ज्याच्यावरून तो माणूस पडला.”

जमादारांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायाने कौलांकडे पाहिलं. शेवटी जमादारांनी ओट्याच्या पायऱ्या दाखवल्या. दोनच पायऱ्या, त्याही बुटक्या. डाक्टर त्यांवर चढले, उतरले, पुन्हा चढले. मग शांतपणे म्हणाले, “जमादारसाहेब, त्याच्या तळपायाले सूज आहे. म्हणजे तो पाय वर करून पडला असन, अन् ह्या पायऱ्या त्याच्या तळपायावर पडल्या असतीन.”

जमादार हसले नाहीत. मीही हसलो नाही, पण पिशवी छातीशी धरली.

तेव्हापासून डाक्टरांनी हा विषय हाती घेतला. जिल्ह्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तर पहिल्या पत्राची प्रत पाठवा असं उत्तर आलं. मग त्यांनी लिहिणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं. ठाण्यातून सुटलेला माणूस कुठे भेटेल तिथे त्याला विचारायचं. बाजारात, गिरणीत, पाणवठ्यावर. कधी नेलं, कशासाठी नेलं, तुझ्यासाठी विचारायला कोण आलं? लोक आधी घाबरले, मग कंटाळले, मग सांगू लागले. सोनाळ्याकडच्या एका म्हाताऱ्याने तर सगळं सांगून झाल्यावर विचारलं, “पण डाक्टरसाहेब, तुमी कोणाचे?” डाक्टरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ते म्हणाले, “दवाखान्याचा.”

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी औषधांच्या कपाटाला टेकून ते मला म्हणाले, “पाहा, मले असं दिसून राह्यलं. मोठ्या घरी चोरी झाली, अन् चोर लवकर दाखवा असा वरून तगादा आला, की लोकं पडतात. अन् पडतात कोण? ज्याच्यासाठी विचाराले कोणी येत नाही, तो. ज्याचा मामा सरपंच, तो त्याच पायऱ्यांवरून वर्षानुवर्षं चढून-उतरून राह्यला. त्याले साधी ठेच लागत नाही.”

“मग आपण काय करणार?” मी विचारलं.

“काय करणार,” असं म्हणून ते खुर्चीत बसले. “चला.”

मला वाटलं, विषय संपला. पण नंतर सुपडा आला.

सुपडा हा वरवट बकाल गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा पट्टा चोरीला गेला आणि आळ त्याच्यावर आला. त्याला दोघांनी धरून आणलं, कारण पाय टेकवत नव्हते. बरोबर महादेव शिपाई होता, नवीन भरती झालेला, तरणाताठा. डाक्टरांनी विचारायच्या आधीच सुपडा बोलू लागला.

“मी पडलो ना जी. पडलो असंच लिहा.”

“कोण म्हणते तू पडला?”

“मीच म्हणतो जी. घरी लहान लेकरं आहेत, साहेब. लिहा.”

डाक्टरांनी मला कोमट पाणी आणायला सांगितलं. सुपड्याचे पाय त्यांनी स्वतः धुतले. महादेव शिपाई दारात उभा होता. तो भिंतीकडे पाहत होता. सुपड्याला भरती करून घेतलं, आणि कागदावर डाक्टरांनी जे दिसलं ते लिहिलं. पुढे तो चालू लागला, पण टाच नीट टेकली नाही. पट्टा शेवटी मालकाच्याच वाड्यात सापडला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

त्या आठवड्यात डाक्टरांनी नगरपालिकेकडे अर्ज केला. भाषा अर्थातच कोटाच्या खिशातली. ‘ठाण्याच्या ओट्याच्या दोन पायऱ्या सार्वजनिक सुरक्षिततेस धोकादायक असून त्यांवरून नागरिक वारंवार पडून गंभीर जखमी होत आहेत, तरी तेथे कठडा बसवण्यात यावा.’

सभेत अर्ज वाचला गेला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ही चेष्टा आहे की काय, असं एका मेंबराने विचारलं. डाक्टर उभे राहिले. कोण कोण पडलं ते त्यांनी सांगितलं, गावासकट, जखमेसकट. आवाज जराही चढवला नाही. बाजारभाव सांगावे तसं सांगितलं. मग बांगड्यांचे व्यापारी कादरभाई, जे सभेत सहसा बोलत नसत, ते म्हणाले, “अध्यक्षसाब, पायरी खराब असन त पाहून घेऊ. बाजाराच्या दिवशी जाऊ. सगळ्यांले दिसन.”

या ठरावाला नाही म्हणायचं, तर पायऱ्या खराब नाहीत असं म्हणावं लागत होतं. आणि पायऱ्या खराब नसतील, तर मग माणसं पडतात कशी? ठराव पास झाला.

बाजाराच्या दिवशी मेंबर निघाले आणि त्यांच्यामागे निम्मा बाजार निघाला. वडनेर भोलजीकडून मिरच्या घेऊन आलेल्या बाया, गुरांचे दलाल, सगळे. ठाणेदार बाहेर येऊन उभे राहिले. अध्यक्षांनी पायऱ्यांवर पाय ठेवून पाहिला. मग कादरभाईंनी. मग लोकच रांगेने चढू-उतरू लागले. एक म्हातारी टोपली डोक्यावर ठेवून चढली, उतरली, आणि ठाणेदारांकडे वळून अगदी सरळपणे म्हणाली, “मी त नाई पडली, बाप्पा.”

लोक हसले नाहीत. ते नुसते उभे राहून ठाणेदारांकडे पाहत राहिले, आणि मला वाटतं, तेच त्यांना जड गेलं.

नगरपालिकेने खरंच सागाचा कठडा बसवला. त्यानंतर ठाण्यात पडलो म्हणून आमच्याकडे कोणी आलं नाही. डाक्टर अधूनमधून फिरायला जाऊन कठडा हलवून पाहत, पक्का आहे ना म्हणून. ठाण्यात नेलेल्या माणसामागे आता गावातलं कोणी ना कोणी जाऊन ओट्यावर बसू लागलं. वरून चौकशीही आली. ठाणेदारांची बदली झाली, ती रेल्वेच्या गावी, म्हणजे आमच्यापेक्षा बऱ्या ठिकाणी. महादेव शिपाई मात्र निलंबित झाला. काठी त्याच्या हातात होती.

गावाने मग सगळा राग त्याच्यावर काढला. गवळ्याने त्याचं दूध बंद केलं. न्हावी त्याला पाहून वस्तरा पेटीत ठेवी. विहिरीवर त्याच्या बायकोशी बाया बोलत नसत, आणि ती पोटुशी होती. एवढी माणसं इतकी वर्षं गप्प बसली होती, त्या सगळ्यांना आता एक शिपाई सापडला होता. मी डाक्टरांना म्हटलं, बरं झालं. त्यांनी छत्री उचलली आणि ते बाहेर पडले.

थोड्या दिवसांनी डाक्टरांच्याही बदलीचा हुकूम आला, पार दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरकडे. संध्याकाळी मी तो घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो, तर कुलूप. शेजारच्या धोब्याने सांगितलं, “पोलीस लाइनीत पाहा. रोज तिकडंच जातात.”

महादेवच्या खोलीचं दार उघडं होतं. आत त्याची ओली बाळंतीण बायको भिंतीकडे तोंड करून लेकराला पाजत होती. महादेवची म्हातारी आई चुलीपाशी होती. डाक्टर सतरंजीवर बसले होते, कोट काढून. त्यांचा कोट काढलेला मी कधी पाहिला नव्हता. आत सदऱ्याची बाही उसवलेली होती. शेजारी दुधाचा लोटा होता. ते दूध गवळ्याकडून रोज डाक्टरच आणत होते, हे मला तेव्हा समजलं.

महादेव दाराकडे पाठ करून बसला होता. मी आलो हे त्याला कळलं नाही.

“माही नोकरी तुमच्यापायी गेली,” तो म्हणाला.

“हो,” डाक्टर म्हणाले.

“मी त्याले मारलं, हेबी खरं आहे.”

“हो.”

“मंग तुमी इथं काऊन येता, डाक्टरसाहेब?”

डाक्टरांनी दुधाचा लोटा जरा बाजूला सरकवला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. माणुसकीचं, कायद्याचं, काहीतरी. पण ते लेकराच्या दिशेने पाहत हळूच म्हणाले, “लेकराचं वजन वाढून राह्यलं का, ते पाहाले येतो.” मग म्हणाले, “अन् संध्याकाळी मले दुसरीकडं कुठी जाचं राहत नाही.”

म्हातारीने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी एका ताटात वाढून डाक्टरांपुढे सरकवली. रोज वाढत असावी, कारण तिने विचारलंही नाही. डाक्टर खाली मान घालून जेवू लागले.

हुकूम मी खिशातच ठेवला आणि दारातूनच परत फिरलो. सकाळी दवाखाना उघडल्यावर त्यांना दिला.