मोघेकाकांची टिचकी

कुठेही काटा दिसला की आमचे शेजारी मोघेकाका त्याला टिचकी मारायचे. इथे परदेशात, आमच्या बेडोकच्या मार्केटात भाजीवाल्या आंटीच्या वजनकाट्याला मारली, तेव्हा ती "अंकल, डोन्ट टच लाह" म्हणत अंगावरच आली. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला मारली, ते बिचारं तेव्हापासून मागे पडतंय. मी वैतागून विचारलं, तर म्हणे, "काटा आळशी असतो हो. टिचकीशिवाय खरं बोलत नाही."

हे खूळ वंशपरंपरेचं. काकांच्या आजोबांनी पुण्यात विमानाची उंची दाखवणारं यंत्र घडवलं. ग्लायडरला इंजिन नाही, इंजिनाची थरथर नाही, म्हणून त्यात काटा अडकतो, हे वडिलांनी हेरलं. त्यांनी यंत्रातच एक इवलीशी हातोडी बसवली, आपोआप टिचक्या मारणारी. ती हातोडी सुधारण्यात काकांची उमेदीची वर्षं गेली. पुढे विमानात स्क्रीन आले, काटे गेले, आणि तीन पिढ्यांची अक्कल भंगारात निघाली. मुलगा रॅफल्स प्लेसला बँकेत लागला, त्याने आईबाबांना इकडे आणलं.

स्क्रीनवर काकांचा भारी दात. मोबाईलसुद्धा काकूच वापरायच्या. "स्क्रीनला टिचकी मारून काय उपयोग? मागे काटाच नाही. दाखवेल ते मुकाट ऐकायचं," काका कुरकुरायचे. काकू हसून सांगायच्या, "मला बघायला आले ना, तेव्हाही सगळा वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते."

मग काकूंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी आशा सोडली, काकांनी सोडली नाही. "चार दिवसांत घरी नेतो हिला," असं भेटेल त्याला सांगत होते. मला ते ऐकवत नव्हतं.

त्या दुपारी मुलगा ऑफिसातून निघाला होता, पोचायचा होता. काकांजवळ मीच होतो. पलंगाशेजारच्या स्क्रीनवरची हिरवी रेघ सपाट झाली. नर्स पुढे आली, तर काकांनी तिला हाताने थांबवलं. वाकून त्या स्क्रीनला टिचकी मारली. वाट पाहिली. पुन्हा मारली, जरा जोरात.

मी त्यांचा खांदा धरून म्हणालो, "काका, त्याच्या मागे काटा नाही हो."

"माहीत आहे मला," काका म्हणाले, आणि त्यांनी परत बोट उचललं.