लॅपटॉपला लागलेली धाप

घर्रर्र.

दुपारचे अडीच. आतल्या खोलीत लेक नुकती कुठे झोपली होती आणि बाहेर मी श्वाससुद्धा चोरून घेत होते, तेवढ्यात आठवडाभर सतावणारा हा आवाज पुन्हा सुरू झाला. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपला धाप लागली होती.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," दारातून कुणी म्हणालं. माझे धाकटे दीर उभे होते.

भाऊजींची ओळख त्यांच्याच शब्दांत करून द्यायला हवी, कारण दुसऱ्या कुणी ती तशी करून दिलेली नाही. त्यांची नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू... इथे ते नेहमी थांबतात. मेंदूसाठी योग्य तो प्राणी अजून सापडलेला नाही. सकाळच्या पाळीत ते औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासतात, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बाद होते यावर त्यांची श्रद्धा आहे. उरलेल्या वेळात ते गुप्तहेर असतात. मागे हरवलेली छत्री शोधताना त्यांनी पुराव्यांनिशी सिद्ध केलं होतं की आमच्या घरात छत्री कधी नव्हतीच. तीच छत्री हातात धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनाही ते क्षणभर पटलं होतं.

एरवी मी हसले असते. पण पाच वाजायच्या आत मला एका पुस्तकाची मुद्रितं तपासून पाठवायची होती. लेक झाल्यावर साडेतीन वर्षांनी मिळालेलं हे पहिलं काम. प्रकाशक बाईंनी फोनवर इतक्या गोड आवाजात "जमेल ना हो?" विचारलं होतं, की नाही जमलं तर त्या पुन्हा विचारणार नाहीत हे मला स्वच्छ कळलं. चौदा पानं उरली होती. लॅपटॉप मात्र असा मंदावला होता की मी वेलांटी दाबावी, आत जाऊन लेकीला थोपटून यावं, तेव्हा ती पडद्यावर उगवे. त्यात ही घरघर. लेक उठली की माझी दुपार संपली.

भाऊजींनी खुर्ची फरफटत ओढली आणि ते कुजबुजले. त्यांची कुजबुज शेजाऱ्यांना नीट ऐकू जाते.

"विषाणू, वहिनी. लक्षणं बोलतायत."

त्यांनी तपासणी लावली. तिने अर्धा तास खाल्ला, आतला पंखा आणखी चढला आणि निष्पन्न असं झालं की आमच्या घरात सगळ्यांत ठणठणीत तब्येत लॅपटॉपची आहे.

मग त्यांनी मागे काय काय उघडं आहे ते पाहिलं. इंटरनेटची त्रेचाळीस पानं होती. फितूर घरातलाच असतो, म्हणत ते एकेक मथळा वाचून बंद करू लागले. मूल भाजी खात नसेल तर. मूल भिंत चाटत असेल तर. बसल्या बसल्या झोप लागणं धोक्याचं आहे का. वाचता वाचता त्यांचा आवाज मऊ होत गेला. शेवटचा मथळा त्यांनी वाचलाच नाही, नुसता बंद केला. तो कोणता होता ते मला ठाऊक आहे. मग घसा खाकरून त्यांनी जाहीर केलं की फितूर पकडले गेले आहेत. पंख्यापर्यंत ती बातमी पोचली नाही.

चार वाजत आले. एवढ्या वेळात माझी तीन पानं झाली होती.

आता भाऊजींचा संशय धुळीवर गेला. बाजूच्या फटींतली धूळ उडवायला ते केस वाळवायचं यंत्र घेऊन आले. तापलेल्या वस्तूवर गरम वारा सोडण्यामागचा तर्क काय, असं मी विचारलं.

"काट्याने काटा काढतात, वहिनी."

यंत्र गरजलं. लॅपटॉपने मान टाकली, पडदा काळा झाला आणि आत लेक जागी झाली.

भाऊजींनी लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा घेतला, डोळे मिटले आणि त्याची मुदत संपल्याचं सांगितलं. मी फोन उचलून प्रकाशक बाईंना लिहायला घेतलं. 'जमणार नाही' हे दोन शब्द लिहायला फार वेळ लागत होता, आणि फोन तर अजिबात मंद नव्हता.

ते पाठवणार तोच दारात लेक दिसली, गालावर उशीची घडी उमटलेली.

"काका, त्याला असं नको ना धरू. पांघरूण निघेल त्याचं."

आम्ही दोघांनी वाकून खालून पाहिलं. लॅपटॉपच्या पोटावर, हवा आत ओढायच्या जाळीवर, बाहुलीची दुलई चिकटपट्टीने चारी बाजूंनी बसवलेली होती. कोपऱ्यांवर पट्टी दुहेरी. काम इतकं नेटकं होतं की आमच्या घराण्यातलं वाटत नव्हतं. आठ दिवस लॅपटॉप मांडीवरून घसरत नाही, चटकाही देत नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, त्याला माझा लळा लागला.

आरोपीने गुन्हा लगेच कबूल केला. रोज दुपारी तिला झोपवताना मी झाकण मिटून सांगायचे, बघ, लॅपटॉपसुद्धा झोपला, आता तू झोप.

"मग त्याला कुणी पांघरूण घालतच नव्हतं," ती म्हणाली. "मी घातलं तर पडायचं. म्हणून चिकटवलं."

भाऊजींनी पट्टी सोलली, दुलई नाकाशी नेली आणि आपल्याला पहिल्यापासून कापडाचाच वास येत होता असं सांगितलं. लॅपटॉप जरा निवल्यावर मी तो सुरू केला. पंखा गप्प. वेलांटी दाबली की हजर. लेकीला मांडीवर घेऊन, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत मी उरलेली अकरा पानं संपवली आणि पाचला सात मिनिटं असताना पाठवून दिली. लगेच उत्तर आलं, पुढचं पुस्तक सोमवारी पाठवते. प्रकरण आपण कसं उलगडलं ते सासूबाईंना सांगायला भाऊजी स्वयंपाकघरात गेले.

मी लेकीचा पापा घेतला. सोमवारपासून आईला खूप काम आहे हं, तू शहाण्यासारखी लवकर झोपायचंस, असं हरखून सांगितलं.

तिने बाहुलीची दुलई स्वतःच्या गुडघ्यावर पसरून पाहिली. एका गुडघ्यालाही ती पुरेना. मग मान वर करून म्हणाली,

"आई, तुला मी झोपलेली जास्त आवडते की जागी?"